जर्मनचा क्लास, नऊ हजार रुपये आणि तीस दिवस: सर्च जाहिरात आजमावून बघण्याची रीत

पुण्यात कर्वेनगरमध्ये माझ्या ताईचा जर्मन भाषेचा क्लास आहे. दोन खोल्या, चार बॅच आणि एक वेबसाइट. वेबसाइटचं सगळं माझ्याकडे. जूनच्या बॅचआधी एकदा तिने विचारलं, "लोक गूगलवर पैसे देऊन जाहिरात करतात, तशी आपण करून बघू या का?" मी लगेच हो म्हणालो. दोन दिवसांनी लक्षात आलं, की ‘करून बघू’ म्हणताना नेमकं काय बघायचंय, हे आम्ही दोघांनीही ठरवलेलं नव्हतं.

सर्च जाहिरात म्हणजे गूगलवर काही शोधलं की निकालांसोबत दिसणारी, क्लिकमागे पैसे घेणारी जाहिरात. ती आजमावणं म्हणजे ठरावीक रकमेत एका प्रश्नाचं उत्तर विकत घेणं. प्रश्नच ठरला नसेल तर महिनाअखेरीला हातात एकच वाक्य उरतं: "फार काही फायदा झाला नाही," किंवा "बरं चाललंय असं वाटतं." दोन्हींतून पुढचं काहीच ठरवता येत नाही. म्हणून या लेखात बटणांपेक्षा वहीबद्दल जास्त बोलणार आहे. बटणांची नावं आणि जागा बदलत राहतात, वहीतला हिशोब बदलत नाही.

त्याआधी एक फुकटचं काम. गूगल मॅप्सवर तुमच्या व्यवसायाची नोंद नसेल, किंवा असूनही वेळा, फोटो, फोन नंबर जुने असतील, तर आधी ते नीट करा. ‘निअर मी’ शोधणाऱ्या कितीतरी लोकांना तिथेच उत्तर मिळतं आणि त्या क्लिकला एक पैसाही लागत नाही. तिथे जुना नंबर ठेवून जाहिरातीवर खर्च करणं म्हणजे दुकानाचं शटर अर्धं खाली ठेवून दारात पत्रकं वाटणं.

आधी वहीत: एका क्लिकला जास्तीत जास्त किती?

क्लासचे खरे आकडे देत नाही, हिशोबाला सोपे आकडे घेतो. समजा ए1 पातळीची, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीची, फी 12,000 रुपये. जागेचं भाडं, शिक्षकांचं मानधन, छपाई वजा जाता एका प्रवेशामागे 5,000 उरतात. पाच चौकशांमधून एक प्रवेश होतो. म्हणजे एक चौकशी फार तर 1,000 रुपयांची. पण उरलेलं सगळंच जाहिरातीत घातलं तर क्लास कशासाठी चालवायचा? म्हणून निम्मे, 500 रुपये. आता पानावर येणाऱ्या वीस जणांपैकी एक जण चौकशी करतो असं धरू. पाचशे भागिले वीस, म्हणजे एका क्लिकला 25 रुपये.

हा पंचवीसचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. गूगल अ‍ॅड्स, म्हणजे गूगलची जाहिरात सेवा, तिच्या खात्यात ‘कीवर्ड प्लॅनर’ नावाचं साधन आहे. कीवर्ड म्हणजे ज्या शोधांवर आपली जाहिरात दिसावी ते शब्द. शोध पानावर वरच्या जागेसाठी साधारण किती बोली (एका क्लिकसाठी देऊ केलेली रक्कम) लागते, त्याची खालची आणि वरची मर्यादा ते दाखवतं. तुमचा आकडा त्या खालच्या मर्यादेच्याही बराच खाली असेल, तर ते चाचणीआधीच मिळालेलं उत्तर आहे. फी, पान किंवा शब्द यांपैकी काहीतरी बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आमची चाचणी अशी आखली: रोज 300 रुपये, तीस दिवस, म्हणजे 9,000. त्यावर 18 टक्के जीएसटी 1,620, एकूण 10,620. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर बिलाची माहिती भरतानाच नंबर टाका, म्हणजे तो कर वळता करून घेता येईल. नोंदणी नसेल तर कर हाही तुमचाच खर्च आहे. मग 25 रुपयांत कर धरावा लागतो आणि प्रत्यक्ष बोलीसाठी साधारण 21 च उरतात. ही वजाबाकी आधीच करून ठेवा.

25 रुपयांप्रमाणे 9,000 मध्ये 360 क्लिक होतात. वीसात एक या दराने 18 चौकशा, त्यातून तीन-चार प्रवेश. तेव्हा आमचा प्रश्न एका ओळीत बसला: 360 क्लिकमध्ये 18 चौकशा येतात का? यापेक्षा लांब प्रश्न पहिल्या चाचणीत घेऊ नका.

चाचणीचा काळही विचार करून निवडा. गणपतीचे दहा दिवस किंवा दिवाळीचा आठवडा मध्ये आला, तर कमी चौकशा जाहिरातीमुळे आल्या की सणामुळे हे कळणार नाही. बॅच सुरू होण्याच्या पाच-सहा आठवडे आधीचे साधे दिवस सगळ्यांत चांगले.

लिलाव कसा चालतो

शोधशब्दांवर बोली लावून क्लिकमागे पैसे घ्यायची पद्धत 1998 मध्ये अमेरिकेत गोटू डॉट कॉम या शोधयंत्राने रुजवली. जास्त बोली लावणारा वर, असा सरळ मामला होता. गूगलची अ‍ॅडवर्ड्स सेवा 2000 साली आली. 2002 मध्ये तिने क्लिकमागे आकारणी सुरू केली आणि बोलीच्या जोडीला लोक त्या जाहिरातीवर किती वेळा क्लिक करतात हेही क्रमासाठी मोजायला घेतलं. 2018 मध्ये त्याच सेवेचं नाव गूगल अ‍ॅड्स झालं.

हा इतिहास सांगायचं कारण म्हणजे छोट्या व्यावसायिकाची सगळी ताकद त्या 2002 च्या बदलात आहे. कोणी काही शोधलं की दर वेळी नव्याने लिलाव होतो. त्यात बोलीसोबत जाहिरात त्या शोधाशी किती जुळते, तिच्यावर क्लिक होण्याची शक्यता किती आणि क्लिकनंतर उघडणारं पान किती उपयोगी, हेही धरलं जातं. खात्यात प्रत्येक कीवर्डपुढे 1 ते 10 असा ‘क्वालिटी स्कोअर’ दिसतो, तो याच तीन गोष्टींचा अंदाज. शिवाय तुमची बोली 25 असली तरी दर वेळी 25 कापले जात नाहीत, आपली जागा टिकवायला जेवढे लागतात साधारण तेवढेच कापले जातात. मोठ्या संस्थेचं पान ‘सर्व भाषांचे वर्ग’ असं मोघम असेल आणि तुमचं पान ‘कर्वेनगर, ए1, संध्याकाळची बॅच’ असं नेमकं असेल, तर कमी बोलीतही तुम्ही वर येऊ शकता.

खातं उघडताना

खातं स्वतःच्या ईमेलवर उघडा. मदतीला कोणी घेतलं तर त्याला खात्यात प्रवेश द्या, पण मालकी स्वतःकडेच ठेवा. ताईने काही वर्षांपूर्वी एका एजन्सीला काम दिलं होतं. खातं त्यांच्याच नावावर होतं. काम थांबलं आणि कुठल्या शब्दावर किती खर्च झाला, कुठून चौकशी आली, याची एक ओळही आमच्या हाती राहिली नाही. पैसे आमचे होते, माहिती त्यांच्याकडे गेली. ते आजही मनाला लागतं.

नवीन खात्यात सोपा, आपोआप चालणारा प्रकार पुढे येतो. ‘एक्स्पर्ट मोड’चा पर्याय शोधून तो घ्या. चाचणीत शब्द आणि खर्च आपल्या हातात हवेत. चलन रुपये आहे ना, ते तपासा, कारण ते नंतर बदलता येत नाही. पैसे आगाऊ भरायचा पर्याय मिळत असेल तर पहिल्या वेळी तोच बरा: चाचणीची रक्कम यूपीआयने भरा, ती संपली की जाहिरात थांबते. नव्या खात्यांना ‘इतके खर्च करा, तितकं क्रेडिट मिळवा’ अशा सवलती असतात. त्यांच्या अटी वाचा, पण सवलतीपायी ठरवलेली रक्कम वाढवू नका.

खात्यात जाहिरातींच्या एका संचाला मोहीम (कॅम्पेन) म्हणतात. मोहिमेचा प्रकार ‘सर्च’ निवडा. पुढे ‘डिस्प्ले नेटवर्क’ आणि ‘सर्च पार्टनर्स’ (गूगलशी जोडलेल्या इतर शोधसाइट) यांच्या चौकटी दिसतील. चाचणीपुरती दोन्हींतली खूण काढा. डिस्प्लेची जाहिरात बातम्या वाचणाऱ्या माणसाला दिसते, सर्चची जाहिरात स्वतःहून क्लास शोधणाऱ्याला. दोघांचे क्लिक एकाच हिशोबात मिसळले तर आपल्या प्रश्नाचं उत्तर गढूळ होतं.

रोजच्या बजेटबद्दल एक गोष्ट आधीच माहीत असू द्या, नाहीतर चौथ्या दिवशी घाबराल. 300 लिहिलं असलं तरी एखाद्या दिवशी दुप्पट, म्हणजे 600 पर्यंत खर्च होऊ शकतो. महिन्याचा एकूण खर्च मात्र रोजच्या रकमेच्या 30.4 पटीपुढे आकारला जात नाही. मोहिमेला शेवटची तारीखही घालून ठेवा.

आता ठिकाण. इथे पुण्याची जाण कामाला येते. आम्ही क्लासभोवती पाच किलोमीटरचं वर्तुळ घेतलं. त्यात कोथरूड, वारजे, एरंडवणे, डेक्कन येतं आणि मुठेपलीकडचा सिंहगड रस्त्याचा भागही येतो. वर्तुळाला नदी कळत नाही. राजाराम पुलावरून येणाऱ्याला क्लास जवळ आहे, पण पुलापासून लांब राहणाऱ्याला तेच अंतर संध्याकाळच्या गर्दीत नकोसं होतं. हिंजवडीहून सहाच्या बॅचला कोणी पोचणार नाही, त्यामुळे ते चाचणीत घेतलंच नाही. नाव टाइप करून ठिकाण निवडत असाल तर यादीतलं बरोबर नाव निवडलंय ना ते पाहा: सिंहगड रस्त्यावरची नांदेड सिटी वेगळी आणि नांदेड जिल्हा वेगळा, पुण्याचं औंध वेगळं आणि साताऱ्याचं औंध वेगळं.

त्याच्याच खाली एक पर्याय झाकलेला असतो. त्या भागात ‘असलेले’ लोक हवेत, की त्या भागात ‘रस दाखवणारे’ही चालतील? आपोआप निवडलेला पर्याय दोन्हींचा असतो. प्रत्यक्ष वर्गात येऊन शिकायचं असेल तर फक्त ‘प्रेझेन्स’ ठेवा. ऑनलाइन बॅचसाठी वेगळी मोहीम पुढे कधीतरी करता येईल. आणि भाषेच्या पर्यायात फक्त मराठी ठेवू नका. घरात शुद्ध मराठी बोलणाऱ्या कितीतरी पुणेकरांचे फोन इंग्रजीत असतात.

शब्द: इथेच सगळं ठरतं

ताईला विचारलं, "लोक फोनवर पहिलं वाक्य काय बोलतात?" तिने पाच मिनिटांत पंधरा वाक्यं सांगितली. "कोथरूडमध्ये जर्मनचा क्लास आहे का?" "शनिवार-रविवार बॅच आहे का?" "ए1 ची फी किती?" आमची पहिली कीवर्डची यादी तीच. कुठल्याही साधनाने याहून चांगली यादी दिली नसती.

कीवर्ड तीन प्रकारे जुळवता येतो. ब्रॉड मॅचमध्ये अर्थाने लांबून संबंधित शोधही चालतात. फ्रेझ मॅच, म्हणजे अवतरणचिन्हांतला शब्दगट: तुमच्या शब्दांचा अर्थ ज्या शोधात आहे असे शोध. एक्झॅक्ट मॅच, म्हणजे चौकोनी कंसातला: नेमका तोच अर्थ किंवा तोच हेतू असलेले शोध. रकमेला मर्यादा असलेल्या चाचणीत फ्रेझ आणि एक्झॅक्ट एवढेच वापरा. मी सुरुवातीला एक शब्द ब्रॉडमध्ये राहू दिला आणि पहिल्याच दिवशी यादीत जर्मन बेकरी आली. कोरेगाव पार्कात केक शोधणारा माणूस आमच्या जाहिरातीवर आला, त्याची काही चूक नाही. त्याच्या मागोमाग जर्मन शेफर्डचं पिल्लू शोधणारे आले.

म्हणून नकारशब्दांची, म्हणजे ज्या शोधांवर जाहिरात दिसू नये अशा शब्दांची, यादी पहिल्या दिवसाआधी तयार ठेवा. आमच्या यादीत बेकरी, शेफर्ड, पपी, ट्रान्सलेट, पीडीएफ, फ्री, सिलॅबस, जॉब, सॅलरी, व्हिसा हे होते. जर्मन शिकवणारी प्रसिद्ध संस्था मॅक्सम्युलर भवन हेही होतं, कारण ते नाव टाइप करणाऱ्याला तिथेच जायचं असतं. नकारशब्द समानार्थी किंवा अनेकवचनी रूपं आपण होऊन ओळखत नाहीत, तेव्हा ‘बुक’ आणि ‘बुक्स’ दोन्ही लिहा.

आणि स्वतःच्या क्लासचं नावही त्या यादीत घाला. हे ऐकून ताई चकित झाली. पण जो आपलं नाव टाइप करतोय तो जाहिरात नसती तरी आलाच असता. त्याची चौकशी जाहिरातीच्या खात्यात जमा झाली तर चाचणी उगाच यशस्वी दिसेल.

लिपीचाही विचार करा. कोथरूड रोमनमध्ये लिहिताना ‘रू’साठी कोणी एक यू लावतं, कोणी दोन ओ. सिंहगडचीही तीच गत. शब्दलेखनातले छोटे फरक जुळणीत सांभाळले जातात, पण देवनागरीतले शोध वेगळ्या गटात ठेवा आणि त्या गटाला मराठी जाहिरात द्या. बोलून शोधणाऱ्यांमुळे देवनागरी शोध येतात, आणि मराठीत विचारणाऱ्याला मराठीतच उत्तर दिसावं, हे मला मनापासून वाटतं.

बोलीसाठी ‘मॅक्सिमाइझ क्लिक्स’ (बजेटमध्ये जास्तीत जास्त क्लिक मिळवणारी पद्धत) घेऊन त्यात कमाल बोलीची मर्यादा 25 टाका. मर्यादेची ती चौकट रिकामी सोडू नका. चौकशांवर आधारित आपोआप बोलीला शिकायला आधीच्या चौकशांचा साठा लागतो. नव्या खात्यात तो नसतो.

मजकूर आणि पान

आजच्या सर्च जाहिरातीत 30 अक्षरांपर्यंतची जास्तीत जास्त 15 शीर्षकं आणि 90 अक्षरांपर्यंतची 4 वर्णनं देता येतात. त्यातून यंत्रणा जुळवाजुळव करून एका वेळी तीनपर्यंत शीर्षकं आणि दोनपर्यंत वर्णनं दाखवते. पंधरा भरलीच पाहिजेत असं नाही. आठ-दहा नेमकी पुरतात, फक्त प्रत्येक शीर्षक एकटं वाचलं तरी अर्थ लागला पाहिजे.

जाहिरातीचं अर्धं काम माणसाला बोलावणं आणि अर्धं काम नको त्या माणसाला क्लिक करू न देणं. पैसे क्लिकचे जातात, दिसण्याचे नाही. म्हणून ‘कर्वेनगरमध्ये जर्मन ए1’, ‘संध्याकाळी 6:30 ची बॅच’, ‘प्रत्यक्ष वर्ग, ऑनलाइन नाही’ आणि फीचा आकडा सरळ शीर्षकात. फी वाचून ज्याला परवडत नाही तो क्लिक करत नाही, त्यात त्याचाही वेळ वाचतो. ‘जर्मनीत नोकरीची हमी’ असलं काही लिहू नका. ते खोटं असतं आणि जाहिरातीच्या नियमांतही बसत नाही.

क्लिक मुख्य पानावर आणू नका. वेगळं पान करा: बॅच कधी सुरू, वार आणि वेळ, फी, शिकवणारं कोण, कुठल्या बस थांब्यापासून किती चालायचं, दुचाकी कुठे लावायची, आणि नाव व फोन एवढंच विचारणारा अर्ज. मग वायफाय बंद करून मोबाइल डेटावर ते पान उघडा. दोन-तीन सेकंदांत काही दिसलं नाही तर आधी ते दुरुस्त करा. गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स नेमकं काय जड आहे ते फुकट सांगतं. आमच्याकडे गॅदरिंगचे मोठे फोटो होते, ते लहान केल्यावर पान पळायला लागलं.

मोजमाप जाहिरात सुरू होण्याआधी लावा, नंतर नाही. अर्ज भरल्यावर ‘धन्यवाद’ असं स्वतंत्र पान उघडू द्या आणि ते उघडणं ही चौकशी म्हणून नोंदवा. फोनच्या आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणावरची टिचकी टॅग मॅनेजरमधून (वेबसाइटवर मोजमापाचे कोड बसवायचं गूगलचं साधन) मोजता येते. मोजणीत ‘एव्हरी’ऐवजी ‘वन’ निवडा, नाहीतर एकाच मुलाने तीनदा बटण दाबलं तर तीन चौकशा दिसतील. यंत्र सगळं पकडत नाही, म्हणून ताईच्या टेबलावर एक रजिस्टर ठेवलं: तारीख, नाव, ‘कुठे पाहिलं?’ आलेले नंबर न विचारता कुठल्याही ग्रुपमध्ये टाकायचे नाहीत, हेही तेव्हाच ठरलं.

तीस दिवस रोज दहा मिनिटं

स्वतःची जाहिरात दिसते का म्हणून गूगलवर शोधत बसू नका. तुम्ही क्लिक करत नसल्याने क्लिकचं प्रमाण घसरतं. खात्यात ‘अ‍ॅड प्रीव्ह्यू’चं साधन आहे, ते वापरा.

रोज उघडायचं पान एकच: ‘सर्च टर्म्स’. कीवर्ड तुम्ही निवडलेले असतात, सर्च टर्म लोकांनी टाइप केलेली असते. सकाळी चहाबरोबर यादी वाचा, नको असलेले शोध नकारशब्दांत घाला, नवे चांगले शब्द वहीत उतरवा. सगळेच शोध तिथे दिसत नाहीत, पण जे दिसतात ते सोन्यासारखे आहेत. खात्यात सुचवण्याही येतील: बजेट वाढवा, शब्द वाढवा. त्या आपोआप लागू होण्याचा पर्याय बंद ठेवा. चाचणीच्या मध्यात नियम बदलले तर उत्तर कशाचं मिळालं ते कळणार नाही.

सगळ्यांत अवघड काम म्हणजे थांबणं. तीस क्लिक झाले, एकही चौकशी नाही, 750 रुपये गेले, आणि मन म्हणतं, बंद करा. थोडं गणित करू. खरोखर वीसात एक जण चौकशी करत असेल, तरी तीस क्लिकमध्ये एकही चौकशी न येण्याची शक्यता साधारण पाचात एक आहे. म्हणजे नुसतं नशीब. साठ क्लिकनंतरही शून्य असेल तर ती शक्यता शंभरात पाचाच्याही खाली जाते. तेव्हा नशिबाला दोष देऊ नका: अर्ज चालतो का, नंबर बरोबर आहे का, फोन उचलला जातो का, हे त्याच दिवशी तपासा. आमचा फोन दुपारी वाजायचा, तेव्हा ताई शिकवत असायची. कॉलचं बटण वर्ग नसतील त्याच वेळात दाखवायचं असं वेळापत्रक लावलं आणि न उचललेल्या फोनला संध्याकाळी स्वतः फोन करायची सवय लावली.

एकतिसाव्या दिवशी

मोहीम ‘पॉज’ करा आणि वही उघडा. एका चौकशीला 500 च्या आत पडलं आणि प्रवेशही झाले, तर पुढच्या बॅचला तेच शब्द, तीच बोली, थोडं मोठं वर्तुळ. चौकशा आल्या पण प्रवेश नाही, तर जाहिरातीने आपलं काम केलं, प्रश्न फीचा, वेळेचा किंवा फोनवरच्या बोलण्याचा आहे. क्लिक आले पण चौकशी नाही, तर पान बदलून पुन्हा छोटी चाचणी. क्लिकच आले नाहीत, तर 25 रुपयांत त्या शब्दांवर जागा मिळत नाही. तिथे हट्टाने बोली वाढवू नका, कारण 25 हा आकडा आपल्या हिशोबातून आलाय, लिलावातून नाही. निर्णय घेण्याआधी आठवडाभर थांबा. आज क्लिक केलेला माणूस घरी विचारून पुढच्या सोमवारी फोन करतो.

मायक्रोसॉफ्टच्या जाहिरात सेवेतही गूगलची मोहीम आयात करता येते. ऑफिसच्या लॅपटॉपवरून शोधणारे तिथे भेटतात. पण ती दुसरी चाचणी समजा, पहिलीत मिसळू नका.

आमच्या वहीत महिनाभराच्या शोधांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली होती: नोकरी करणाऱ्यांसाठी, सुट्टीच्या दिवशी, सकाळी. ताईकडे तशी बॅचच नव्हती. तिने वहीचं ते पान दोनदा वाचलं आणि रविवारी सकाळी आठची बॅच सुरू केली. पुढच्या चाचणीतलं पहिलं शीर्षक तेच आहे.